आधी खिडकी, मग झाड

घरात ठेवायच्या झाडांच्या ऑनलाइन दुकानात माल जिवंत असतो, हे दुकानाची मांडणी करणारे पहिल्याच पायरीवर विसरतात. कपड्यांच्या दुकानाचा तयार साचा उचलायचा आणि त्यात झाडांचे फोटो भरायचे, अशी सर्रास पद्धत आहे. दुकान छान दिसते, पण झाड महिन्याभरात पिवळे पडते आणि गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. विक्रोळीतल्या एका छोट्या नर्सरीसाठी असे दुकान उभे करताना प्रस्तुत लेखकाला जे दिसले, ते पुढे दिले आहे.

पहिला प्रश्न उजेडाचा. बहुतेक दुकाने झाडे किमतीप्रमाणे नाहीतर 'नवीन', 'लोकप्रिय' अशी मांडतात. गिऱ्हाइकाच्या डोक्यात मात्र जागा असते: टीव्हीशेजारचा कोपरा, खिडकीची ग्रिल, बाथरूमचा झरोका. निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. परदेशी संकेतस्थळांवरून उचललेला सल्ला इथे घात करतो. दक्षिणेच्या खिडकीत सर्वांत जास्त ऊन, हे लंडनला बाराही महिने ठीक. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत इथला माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्याही उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर आत येते ते हिवाळ्यात. त्यातही कन्नमवार नगरातल्या जुन्या म्हाडा इमारतीचा दुसरा मजला आणि पुनर्विकासातल्या टॉवरचा अठरावा मजला यांची दिशा एक असली, तरी उजेड एक नसतो. म्हणून दिशा विचारण्यापेक्षा 'दुपारी दिवा न लावता तिथे पेपर वाचता येतो का?' हे विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर स्नेक प्लांट आणि झेडझेड यांच्यापलीकडे फारसे काही दाखवू नये.

शोधाची सोय लोकांच्या बोलण्याप्रमाणे हवी. तयार यादीत मनी प्लांट 'पोथॉस' या नावाने घातलेला होता, आणि 'मनी प्लांट' टाइप केले की पान कोरे येत होते. 'पोथॉस' या नावाने विक्रोळीत तो कोण मागणार? जोडून लिहा, तोडून लिहा, झाड सापडले पाहिजे.

झाडाच्या वेबपानावर तीन गोष्टी किमतीच्या शेजारीच असाव्यात: कुंडीचा व्यास इंचांत, उंची कुंडीसह की कुंडीशिवाय, आणि घरात मांजर किंवा रांगते मूल असेल तर चालेल का. डिफेनबेकिया, मनी प्लांट, पीस लिली यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात; पान चावले की तोंडाची आग होते, सूज येते. 'हवा शुद्ध करते' हा शेरा मात्र खुशाल गाळावा. तो १९८९ सालच्या नासाच्या प्रयोगांवर उभा आहे, आणि ते प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाले होते. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. घरात खिडक्या-दारांतून हवा खेळते तेवढाच परिणाम साधायला चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असा हिशोब त्यात निघाला. वन रूम किचनमध्ये मग माणसांनी कुठे राहायचे?

कार्टपाशी थोडे रेंगाळणे भाग आहे. दुकान बांधायला नेमलेल्या कंत्राटदाराने झाड कार्टमध्ये टाकताच गांडूळखताची एक पिशवी आपोआप येईल, अशी तजवीज करून ठेवली होती. चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली, अक्षरे फिकट करडी, किंमत बेरजेत मिसळलेली. शिवाय प्रत्येक झाडाखाली 'आत्ता ७ जण हे झाड पाहत आहेत' अशी ओळ. दुकान तेव्हा लोकांसाठी उघडलेलेही नव्हते, तरी सात जण पाहतच होते! विचारणा केल्यावर उत्तर आले, 'सगळेच ठेवतात.' वस्तुतः ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनी आधीच केलेल्या खुणेला संमती मानायला मनाई केली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिले आहेत. न मागितलेली वस्तू कार्टमध्ये सरकवणे आणि खोटी घाई लावणे हे दोन्ही त्यांत आहेत. कहर पुढेच होता. खूण आणि ती ओळ काढून टाकण्याचे वेगळे बिल आले, 'अतिरिक्त बदल' या नावाखाली. ज्याने घाण केली, त्यालाच झाडण्याची मजुरी द्यायची! ती द्यावी लागली, कारण साइटची चावी त्याच्याच हातात होती. साइटचे नाव आणि पासवर्ड पहिल्या दिवसापासून दुकानदाराच्या ताब्यात असावेत. करारात बाकी काही लिहिले नाही तरी एवढे लिहावे.

पोचवण्याचा खर्च शेवटच्या पानावर उघड करू नये. पूर्वेचा ४०००८३ किंवा पश्चिमेचा ४०००७९ असा पिनकोड टाकताच तो दिसावा. बिलात झाड आणि कुंडी वेगळी दाखवावी. जिवंत झाडावर जीएसटी नाही, प्लास्टिकच्या कुंडीवर आहे.

उरुळी कांचनहून ट्रकने आलेले झाड त्याच दिवशी विक्रीला लावू नये. आठवडाभर सावलीत सावरू द्यावे. खोक्याला भोके हवीत, माती ओलसर असावी पण चिखल नको. पावसाळ्यात भिजलेली कुंडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून वॉचमनच्या केबिनमध्ये रात्रभर राहिली, तर मुळे कुजायला तिथूनच सुरुवात होते. म्हणून घरी कोणी असेल ती वेळ गिऱ्हाइकाला निवडता यावी.

चांगल्या दुकानात गिऱ्हाइकाला काही विचारावेच लागू नये, असा आखणीच्या वेळी आग्रह होता. फोन नंबर अगदी तळाशी ढकलला होता तो त्यामुळेच. प्रत्यक्षात लोक खिडकीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून 'इथे काय जगेल?' असे विचारू लागले. वर सांगितलेल्या उजेडाच्या प्रश्नावलीपेक्षा तो फोटो जास्त कामाचा ठरला. नंबर आता सर्वांत वर आहे आणि प्रश्नावली फार थोडे जण भरतात.

झाड कुठूनही मागवा, पैसे भरण्याआधी कार्टमधली प्रत्येक ओळ वाचा. न मागितलेले काही आढळले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.