फोनच्या पोटातला डेटाबेस

तुमच्या फोनमध्ये एक डेटाबेस आहे, जो तुम्ही कधीच डाउनलोड केलेला नाही. त्याचं नाव एस्क्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २००० साली तो आणला. कुणीही, कशासाठीही, फुकट वापरावा असा. अँड्रॉइडमध्ये तो सिस्टीमसोबतच येतो. तुमचे कॉन्टॅक्ट, मेसेज त्यातच असतात.

मी लोणावळ्याचा. गेल्या वर्षी पवन मावळातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी अ‍ॅप लिहीत होतो. तिथे रेंज येते-जाते. म्हणून लिटर, फॅट, एसएनएफ आधी फोनमध्येच नोंदवायचं आणि रेंज आली की सर्व्हरला पाठवायचं. नोंद दुरुस्त केली तर जुनीच ओळ बदलली पाहिजे. नवी पडली तर दहा दिवसांच्या पगारात एकच दूध दोनदा मोजलं जाईल.

‘नोंद असेल तर बदल, नसेल तर घाल’ हे एका आज्ञेत सांगायची सोय एस्क्यूलाइटच्या ३.२४ आवृत्तीत आली, जून २०१८ मध्ये. चाचणीसाठी मी मुद्दाम केंद्रावरच्या मामांचा फोन घेतला. अँड्रॉइड १०. ती सिस्टीम सप्टेंबर २०१९ ची, पण तिच्यासोबत सहसा येतं ते एस्क्यूलाइट ३.२२. आज्ञा त्याला कळलीच नाही.

अ‍ॅप प्ले स्टोअरवरून अपडेट होतं. हा डेटाबेस मात्र सिस्टीम बदलली तरच बदलतो. कंपनीने फोनचे अपडेट थांबवले की तोही तिथेच थांबतो.

टीममधला एक जण म्हणाला, “किमान अँड्रॉइड ११ लिहून टाक. दहा आता कोण वापरतं?” मामांना विचारलं, तर ते म्हणाले, “फोन चांगला चालतोय की. दूध मोजायला नवा कशाला घेऊ?”

दुसरा मार्ग म्हणजे अ‍ॅपसोबत स्वतःचं नवं एस्क्यूलाइट देणं. त्याने अ‍ॅप जड होतं, आणि ते वेळोवेळी अपडेट करायची जबाबदारी आपल्यावर येते. मी तिसरा, जुनाच मार्ग घेतला: आधी ओळ बदलून बघायची, एकही बदलली नाही तर नवी घालायची, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे अर्धवट काही राहत नाही. चार ओळी जास्त लिहाव्या लागल्या.

‘किमान आवृत्ती’ आपण ऑफिसात बसून एका आकड्यात ठरवतो. त्या आकड्याची किंमत नव्या फोनच्या रूपात भरतो तो दूध घालणारा. चार ओळींनी ती वाचत असेल, तर त्या आपणच लिहायच्या.