वाळत घातलेला संघ

क्रॉसमॅग्लेनचा टेहळणीचा मनोरा आता नाही. 2007 साली ब्रिटिश लष्कराची उत्तर आयर्लंडमधली मोहीम संपली, त्याच सुमारास तो पाडला. पण दक्षिण आर्मामधल्या या गावाचं नाव काढलं की बाहेरचा माणूस अजून तेच विचारतो: सैनिक कुठे होते, बाँब कुठे फुटले. मला त्याचा जरा रागच येतो. इतक्या वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा सोबतच्या तरुण डॉक्टरांनीही तेच विचारलं. मी त्यांना आधी मैदानाकडे नेलं.

क्रॉसमॅग्लेन रेंजर्स हा क्लब 1887 सालचा. गेलिक खेळांची मातृसंस्था थर्ल्समध्ये स्थापन झाली त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. खेळ गेलिक फुटबॉलचा: पंधरा जणांचा संघ, चेंडू हातात घ्यायची मुभा, गोलाला तीन गुण आणि आडव्या दांडीवरून मारला तर 2024पर्यंत सरसकट एक. नियम एवढे कळले की पुरे. खेळाडू ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, वाढला त्याच पॅरिशसाठी खेळतो आणि पगार कुणालाच नसतो, हे मात्र मला पचायला वेळ लागला.

1970च्या दशकात लष्कराने या मैदानाला खेटून तळ उभारला आणि क्लबच्या जमिनीचा एक तुकडा घेतला. रस्त्यात सुरुंगांची भीती, म्हणून तळाला लागणारं सगळं हेलिकॉप्टरने यायचं आणि कचराही तसाच हवेतून जायचा. सामना चालू असला तरी ते डोक्यावरून घरघरत जाई.

तळ होता त्या काळात मी न्यूरीला हॉस्पिटलात नोकरी करत होतो आणि या गावात एका बाईंकडे खोली घेऊन राहत होतो. तिथल्या सहकाऱ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. बाई क्लबच्या जर्सी धुवायच्या. चिखल ओला असताना त्या कधीच कपड्याला हात लावायच्या नाहीत. जर्सी रात्रभर शेडमध्ये टांगून ठेवायच्या आणि सकाळी चिखल खडखडीत वाळला की जुन्या चमच्याच्या मागच्या बाजूने खरवडायच्या. खपल्या वर्तमानपत्रावर पडत. मग आतली बाजू बाहेर करून मशीनमध्ये, तेही काळ्याचा रंग पिवळ्याला लागू नये म्हणून गार पाण्यात. परसातल्या दोरीवर मात्र एक ते पंधरा अशा क्रमानेच वाळत घालायच्या. नऊ नंबरची काखेत कायम उसवायची. शिवताना बाई त्या पोराला लाखोल्या वाहायच्या, तो कोपर बाहेर काढून पळतो म्हणून. मॅचला मात्र कधी जायच्या नाहीत. म्हणायच्या, कोण कसा खेळला ते मला कपड्यावरून कळतं. तळावरून हेलिकॉप्टर उठलं की अख्खी दोरी फडफडायची. बाई एका हाताने दोरीच्या आधाराची काठी धरून ठेवायच्या आणि वर बघायच्या नाहीत. एकदाही नाही. इतका संपूर्ण तिरस्कार मी दुसऱ्या कुणाच्या मानेत पाहिलेला नाही.

1997च्या मार्चमध्ये, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, डब्लिनच्या क्रोक पार्कवर रेंजर्सनी मेयोच्या नॉकमोरला हरवून पहिल्यांदा अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक होते जो कर्नन. गाव रात्रभर जागं होतं. बाईंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, आता उद्या हे सगळं धुणं येणार. पुढे 1999, 2000, 2007, 2011 आणि 2012 असे आणखी पाच किताब आले. कर्नन यांच्याच हाताखाली 2002 साली आर्माने पहिल्यांदा जिल्ह्यांचं अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकलं. तोवर मी मायदेशी परतलो होतो. बाई गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. फार उशिरा, तेही दुसऱ्याच कामासाठी केलेल्या फोनवर कळलं. ते मनातून अजून गेलेलं नाही.

तरुण डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मनोरा नक्की कुठे होता?" मी बोट दाखवलं. दिशा बहुधा बरोबर होती.

क्लबांचे इतिहास मी बरेच चाळले आहेत, तिथलेही आणि आपल्याकडच्या तालमींचेही. कप्तान असतात, देणगीदार असतात, हारतुरे असतात. धुण्याचा हिशेब कुठेच सापडत नाही. तुमच्या गावच्या मंडळाची शताब्दी स्मरणिका निघणार असेल, तर संपादकांना एवढं सांगा: अध्यक्षांचं मनोगत अर्ध्या पानात बसवा आणि कपडे कोण धुवायचं ते नावानिशी छापा.