नाळ की मगज?

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील गोष्ट. सायंकाळची जपमाळ आटोपली होती. येथे उदयनगरला धन्य राणी मारिया यांच्या समाधीपाशी आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माता मेणबत्ती लावून बसली होती. तिच्या थोरल्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला होता. औषधांनी रोग दबला होता, परंतु तो पुन्हा उलटू नये म्हणून मूलपेशींचे रोपण करावे, असे डॉक्टरांचे मत पडले होते.

“फादर, धाकट्या सुनेचे दिवस भरत आले आहेत. बाळाच्या नाळेतील रक्त जपून ठेवले तर माझा लेक वाचेल, असे एक गृहस्थ सांगतात. त्यासाठी शेत गहाण टाकू का?”

“टाका,” मी म्हणालो. नाळेच्या रक्तात जीवनदायी पेशी असतात, एवढेच मी कोठेतरी वाचले होते. अर्धवट ज्ञानाच्या बळावर मी एका कुटुंबाची भाकर पणाला लावीत होतो.

सुदैवाने गहाणखत होण्यापूर्वीच आम्ही मुंबई गाठली. १९८३ साली भारतातील पहिले अस्थिमज्जारोपण याच शहरात, टाटा रुग्णालयात, डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले होते. तेथील एका डॉक्टरांनी आम्हांला शांतपणे सारे समजावून सांगितले.

नाळेच्या रक्ताचे पहिले रोपण १९८८ साली पॅरिसमध्ये झाले, ते एका लहान मुलावर. नाळेत पेशी थोड्या असतात. बालकाला त्या पुरतात, पण प्रौढाला पुष्कळदा दोन नाळा लागतात. शिवाय त्या रुजण्यास वेळ लागतो आणि तेवढ्या काळात जंतुसंसर्ग गाठतो. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. या रुग्णाचे दोघेही भाऊ जुळले नव्हते. मात्र मुलगा बापाशी निम्मा जुळतोच. पूर्वी असे निम्मे जुळणे फार धोक्याचे होते. आता रोपणानंतर तिसऱ्या व चौथ्या दिवशी एक औषध देऊन तो धोका पुष्कळ आवरता येतो. अमेरिकेत प्रौढ रुग्णांवर अशी तुलना झाली व ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनंतर दोन नाळांच्या गटात शंभरांतील ४६ रुग्ण हयात होते, तर निम्म्या जुळणाऱ्या आप्ताचा मगज घेतलेल्यांपैकी ५७.

रुग्णाचा वीस वर्षांचा मुलगा शेजारीच बसला होता. त्याने भीतभीत विचारले, “माझे हाड कापणार का?”

डॉक्टर हसले. हाड कापीत नाहीत. भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मगज ओढतात आणि तो पुन्हा भरून येतो. दुसरा मार्ग म्हणजे चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन हाताच्या शिरेतील रक्तातून पेशी वेगळ्या काढणे. दात्याला हा मार्ग सोपा. अशा पेशी लवकर रुजतातही, परंतु पुढे त्या रुग्णाच्याच शरीरावर उलटून जुनाट दुखणे लावण्याचा संभव अधिक. नात्याबाहेरच्या दात्यांबाबत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दुखणे रक्तातील पेशींनी शंभरांत ५३ जणांना, तर मगजाने ४१ जणांना झाले. जगण्याच्या प्रमाणात मात्र विशेष अंतर पडले नाही.

मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबांना त्रास कमी होईल तेच घ्या. सुई टोचली तर टोचू द्या.” डॉक्टरांनाही त्याच्या बापासाठी मगजच योग्य वाटला.

मुलाची कंबर काही दिवस दुखली. बापाने ताप, तोंडातील व्रण व एकांतवास सोसला. आज तो घरी आहे. औषधे चालू आहेत. पूर्ण बरा झाला असे डॉक्टर अद्याप म्हणत नाहीत.

अशा दानात पाप तर नाही ना, असे काहींनी मला विचारले. नाळेचे रक्त असो वा मगज, त्यासाठी कोणत्याही गर्भाचा घात होत नाही. असे दान ख्रिस्तसभेला प्रिय आहे.

वाचकहो, घरावर असा प्रसंग आला तर शेताचा कागद उचलण्याआधी रोपण करणाऱ्या डॉक्टरांना विचारा: आमच्या माणसाला कोणाच्या पेशी, कोठून घेतलेल्या, आणि का? मी ते विचारले नव्हते. त्या मातेचे शेत वाचले, ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे.