दुरून आलेली चिठ्ठी

नैराश्यावरचे औषध खासगी डॉक्टरांकडून ऑनलाइन भेटीत लिहून घेणे ही कोलाडसारख्या गावातल्या माणसाला आता अशक्यप्राय गोष्ट राहिलेली नाही. कठीण असतात ते त्या भेटीनंतरचे महिने. मुंबई–गोवा महामार्गावरच्या या गावाला दुरून येणाऱ्या गोष्टींची सवय जुनीच आहे, कारण मुळशीचे पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजगृहात उतरते, तेथून कुंडलिकेत येते आणि वीजनिर्मितीच्या वेळा पाळत नदी चढते, उतरते. डॉक्टरही आता असाच दुरून येतो. रोह्याचे उपजिल्हा रुग्णालय किंवा अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठायचे तर दिवसाची मजुरी बुडते, एसटीत ओळखीचे कोणी भेटले तर कुठे निघालात याचे उत्तर द्यावे लागते, आणि ‘डोक्याचा डॉक्टर’ या दोन शब्दांची धास्ती तर आजारापेक्षाही मोठी असते. शुल्क मोबाइलवरून भरून घरातल्या एका कोपऱ्यात बसून बोलता येणे, हा या धास्तीवरचा खरा आणि मोलाचा उतारा आहे.

या सोयीला कायद्याचा आधार मात्र उशिरा मिळाला. रत्नागिरीतील एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात, डॉक्टर गैरहजर असताना दूरध्वनीवरून दिलेल्या औषधांच्या सूचनांचा मुद्दा पुढे आला आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर फोनवर औषध सांगावे की नाही, याबद्दल डॉक्टरांच्या मनात मोठी भीती बसली. कोविडच्या टाळेबंदीच्या सुरुवातीलाच, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने दूरवैद्यकाची, म्हणजे रुग्ण व डॉक्टर एका जागी नसताना होणाऱ्या उपचारांची, मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि हा संभ्रम दूर झाला. त्यांनुसार रुग्णाची ओळख व वय यांची खात्री करणे, चिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक लिहिणे आणि प्रत्यक्ष तपासणीवाचून भागणार नाही असे वाटल्यास तसे स्पष्ट सांगणे, ही डॉक्टरांची जबाबदारी ठरली. अंमली व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्याखालची औषधे, मोजके अपवाद सोडता, अशा भेटीत लिहिता येत नाहीत. पुष्कळ लोक ज्यांना सरसकट ‘झोपेच्या गोळ्या’ म्हणतात त्यांतल्या बऱ्याच या कायद्याखाली येतात. नैराश्यावरची नेहमीची औषधे त्यांत मोडत नाहीत, आणि हा फरक न कळल्यामुळे कित्येक घरांत योग्य औषधही ‘सवय लागेल’ म्हणून फेकून दिले जाते.

खरी कसोटी लागते ती बोलण्याची. शेतावर किंवा धाटावच्या कारखान्यात राबणारा माणूस ‘मला नैराश्य आहे’ असे सहसा म्हणत नाही. छातीत धडधडते, अंग गळून जाते, कशात जीव रमत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, असे तो सांगतो. डॉक्टर पुष्कळदा नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, जिच्यात मागच्या दोन आठवड्यांतील झोप, भूक, उत्साह, एकाग्रता आणि मरणाचे विचार यांना गुण देऊन ०पासून २७पर्यंत बेरीज करतात. ही बेरीज उपयोगी आहे, पण पडद्यावर दहा मिनिटांत ती उरकली की पुढचा एक प्रश्न राहून जाण्याचा धोका असतो: यापूर्वी कधी झोपेवाचून दिवसच्या दिवस विलक्षण उत्साहात, उधळपट्टीत गेले होते काय? द्विध्रुवी विकारात, म्हणजे उदासी व उन्माद यांच्या फेऱ्यांच्या आजारात, नुसते नैराश्याचे औषध दिले तर उन्माद चेतवला जाऊ शकतो, म्हणून हा प्रश्न जिथे विचारला जात नाही ती भेट अपुरीच म्हणावी लागते. शेजारच्या खोलीत सासू बसलेली असेल तर मरणाच्या विचाराच्या प्रश्नाला सून ‘नाही’ म्हणणार, हेही पडद्यावर दिसत नाही.

आज सर्वाधिक लिहिली जाणारी औषधे, एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालिन, सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे पुनर्शोषण रोखतात. त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, पण मळमळ, पोट बिघडणे, अस्वस्थता हे त्रास पहिल्या आठवड्यातच सुरू होतात. म्हणजे आधी त्रास आणि मग आराम असा हा उलटा क्रम आहे, आणि तो सांगणारे कोणी जवळ नसेल तर माणूस आठव्या दिवशी गोळी सोडून देतो. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांच्यावर विशेष लक्ष ठेवावे लागते. बरे वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा महिने चालू ठेवतात आणि बंद करताना मात्रा हळूहळू उतरवतात, कारण एकदम थांबवल्यास चक्कर, चिडचिड, अंगात झटके आल्यासारखे वाटणे असे त्रास होतात.

शिवाय ही चिठ्ठी मोबाइलवर आली तरी औषध अखेर आंबेवाडी नाक्यावरच्या एखाद्या मेडिकलमधूनच घ्यावे लागते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण काउंटरपाशी उभ्या असलेल्या इतर गिऱ्हाइकांच्या कानांवर त्याचा अंमल चालत नाही. कित्येक जण याच कारणाने दुसऱ्या गावी जाऊन गोळ्या आणतात, आणि पावसाळ्यात ती खेप चुकली की औषधही चुकते.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र नैराश्याच्या शंभरातील सुमारे ८५ रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. त्यासाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण कोकणातले चित्र फार निराळे असेल असे मानायला आधार नाही. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटात नैराश्याने खचलेल्या तरुणाला कोकणच्या किनाऱ्यावर काही अनोळखी माणसे प्रश्न न विचारता सांभाळून घेतात. हे सांभाळणे ऑनलाइन भेटीत मिळत नाही, ते घरच्यांनाच करावे लागते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानसचा विनामूल्य क्रमांक रात्री-अपरात्रीही आधार देतो, आणि खासगी भेट परवडत नसलेल्यांना तो माहीत असायलाच हवा. मात्र गोळ्यांची पट्टी अर्धी राहिली आहे, ताटातली भाकरी तशीच परत गेली आहे, हे ज्याच्या नजरेस पडते तो माणूस घरातच असतो. दुसऱ्या भेटीची तारीख डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ठरवून त्याला सांगून ठेवली, तर औषध आठव्या दिवशी सुटण्याआधी फोन लावणारे कोणी तरी असेल.