बारा हजार

मी हिंगोलीत गणित शिकवतो. धाकटा भाऊ कळमनुरी तालुक्यात, कयाधूच्या काठावर आमची चार एकर कसतो. २०१९ मध्ये पीएम किसानचा पहिला दोन हजारांचा हप्ता आला, तेव्हा त्याने हौसेने फोन केला होता. मी म्हणालो, "फुकटच्या पैशाची सवय लागली की हात चालत नाहीत." तो गप्प राहिला. मला वाटलं, पटलं त्याला.

२०२३ पासून राज्याच्या 'नमो शेतकरी'चे वर्षाला आणखी सहा हजार येऊ लागले, वर्षाचे बारा हजार झाले. एक रुपयात पीकविमाही आला. त्यातल्या बोगस अर्जांच्या बातम्या मी सहकाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचो. माझा महागाई भत्ता वाढला की मात्र तो माझा हक्क असायचा. त्याला खैरात म्हणावं, असं एकदाही मनात आलं नाही.

सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत पाऊस कोसळला आणि कयाधू शेतात शिरली. नदीकडचं सोयाबीन पाण्याखाली कुजलं. चढावरचं वाचलं, ते पंधरा क्विंटल भरलं.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा ओसरीवर त्याने मोंढ्यातली सोयाबीनच्या विक्रीची पट्टी माझ्या हातात दिली. हमालीचा आकडा बरोबर लागला का, एवढंच त्याला बघून हवं होतं. भाव होता ४,१००. त्या वर्षीचा हमीभाव ४,८९२ होता, हे मला पेपरमुळे पाठ होतं. मी जरा मास्तरकीच्या सुरातच विचारलं, "हमीभावाच्या केंद्रावर का नाही घातलंस?"

"दादा, ओल बारा टक्क्यांच्या वर गेली की माल माघारी. वाळवायचं कुठं? पाऊस थांबला होता का? अन् पैसे कधी येतील सांगता येत नाही. हरभऱ्याचं बी आत्ताच घ्यावं लागतंय."

मी पट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वजाबाकी केली. क्विंटलमागे ७९२ रुपये. गुणिले पंधरा. उत्तर आलं ११,८८०.

पुन्हा केलं. तेच आलं. सरकारने वर्षभरात तीन-तीन हप्त्यांत दिलेले बारा हजार एका दुपारी मोंढ्यात गेले होते, वर फक्त एकशे वीस रुपये उरले होते. नदीने नेलेलं, खतांचं, फवारणीचं मी अजून धरलंही नव्हतं. पाचवीतल्या पोराला जमेल असं हे गणित. पाच वर्षं मी त्याच्या कष्टावर बोलत होतो आणि ते एकदाही मांडलं नव्हतं. मांडायची गरजच वाटली नव्हती, कारण उत्तर मी आधीच ठरवून बसलो होतो.

त्याने विचारलं, "बरोबर हाय ना, दादा?" हमालीचा आकडा बरोबर होता. मी मान हलवली आणि पट्टी त्याच्या हातात दिली. मागची बाजू त्याने पाहिली की नाही, मला ठाऊक नाही.

अनुदानाने शेती सावरते असं मी आजही म्हणणार नाही. माल योग्य भावाने विकला गेला असता तर त्याला या पैशांची एवढी वाट पाहावी लागली नसती. पण फुकटचे हा शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघालेला नाही.

माफी मात्र मागितलेली नाही. दर रविवारी आमचं बोलणं होतं. पाऊस, जनावरं, पोरांच्या परीक्षा, सगळं तो सांगतो. हप्ता जमा झाला, हे २०१९ नंतर त्याने मला कधीच सांगितलेलं नाही.