तंग : खोगिराखालचा विस्मृत पट्टा

१/ मराठा घोडदळाचा विषय निघाला की तलवार, भाला, घोड्याची जात आणि दौडीचा पल्ला यांची चर्चा रंगते. खोगीर पाठीवर धरून ठेवणारा, घोड्याच्या छातीखालून जाणारा पट्टा मात्र कुणाला आठवत नाही. त्याचे नाव तंग. हा धागा त्याच्याविषयी, आणि त्याचा स्पर्शही न साहणाऱ्या हळव्या घोड्याविषयी.

२/ तंग हा रिकिबीहून पुरातन आहे. अल्ताय पर्वतातील पाझिरिकच्या बर्फाळ थडग्यांत सुमारे २३०० वर्षांपूर्वीची खोगिरे तंगासह टिकून राहिली. चीनचा सम्राट छिन शी हुआंग याच्या मातीच्या सैन्यातील घोड्यांना खोगीर आहे, तंग आहे, रिकीब नाही. ऋग्वेदात इंद्राच्या घोड्यांना ‘कक्ष्यप्रा’ म्हटले आहे. कक्ष्या म्हणजे तंग. तो भरून टाकणारे, अर्थात धष्टपुष्ट.

३/ फारसीत ‘तंग’ म्हणजे अरुंद, आवळ. आणि हा पट्टाही. मराठीने दोन्ही अर्थ स्वीकारले. ‘जेरबंद’ हाही मूळचा घोड्याच्या साजातला शब्द. घोड्याने मान उधळू नये म्हणून तोंडाकडून पुढच्या पायांमधून तंगापर्यंत येणारा तो पट्टा. आज आपण चोरांना जेरबंद करतो आणि घोडा विसरतो.

४/ बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. सभासद बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद सांगितला आहे. पाणी आणि नाल यांची व्यवस्था राज्याने इतकी बारकाईने लावली होती. तंगाने कातडे सोलले, तर ती जखम प्रत्येक पावलागणिक पुन्हा उघडते. तिला विश्रांती हवी, आणि मोहिमेत नेमकी तीच नसते. शिलेदाराचा घोडा बसला, की त्याची रोजीरोटीही बसली.

५/ तंगाची जागाच नाजूक. घोड्याच्या कोपरामागची कातडी पातळ आणि सैल असते. तिथे घाम व धूळ साचते, आणि पाय मागे येताना कोपर पट्ट्याला घासते. आधुनिक मोजमापांत आढळले, की तंगाचा सर्वाधिक दाब छातीच्या मधल्या हाडावर पडत नाही. तो कोपरामागच्या स्नायूंवर पडतो.

६/ म्हणूनच हळवा घोडा तंग दिसताच कान मागे टाकतो, शेपूट झटकतो, छाती फुगवतो, चावायला वळतो. स्वार त्याला ‘खोडी’ म्हणतो. १८९१ मध्ये ब्रिटिश लष्करी पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ यांनी खोगीर आणि पाठीच्या जखमा यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. घोड्याच्या खोडीआड दुखणे दडलेले असू शकते, हे पशुवैद्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. पट्टा बदलूनही त्रास राहिला, तर पोटातील व्रणांसाठी तपासणी करावी लागते.

७/ मग तंग निवडावा कसा? दाब विभागला जाईल इतका रुंद, पण कोपरामागे आत कापलेला, म्हणजे पायाला वाट मिळते. आतली बाजू मऊ आणि घाम टिपणारी : लोकर, नमदा किंवा सुती दोऱ्यांची वीण. चामडे असेल तर तेल देऊन नरम ठेवलेले. बक्कल कोपराला लागणार नाही एवढी लांबी. लवचीक पट्टी असेल तर दोन्ही टोकांना. एकाच बाजूला असल्यास खोगीर दुसरीकडे ओढले जाते.

८/ उत्तम तंगही एका दमात आवळला तर जाच होतो. आधी सैल बांधावा, घोड्याला चार पावले चालवावे, मग एकेक भोक वाढवावे. पुढचे पाय उचलून हळूच पुढे ताणले की अडकलेली कातडी सुटते. शेवटी छातीखाली पट्ट्यात सपाट बोटे सरकायला हवीत. शर्यतीच्या घोड्यांवरील प्रयोगांत तंग फार आवळल्यास घोडा लवकर थकतो, असे दिसले आहे. खोगीर सरकते याचे कारण बहुधा ते पाठीला बसत नाही हे असते; ती उणीव तंगाने भरून काढता येत नाही.

९/ जीन घडवणारे म्हणून ज्यांना ‘जिनगर’ हे नाव पडले, त्या कारागिरांचा हात घोडदळ संपल्यावर इतर धंद्यांकडे वळला. त्यांच्या बोटांतली जाण कागदांवर फारशी उतरली नाही. बखरी स्वाराच्या बाजूने लिहिल्या गेल्या. घोड्याची बाजू त्याच्या कातडीवर उमटत राहिली.

१०/ ती आजही वाचता येते. माथेरानला घोड्यावर बसण्यापूर्वी क्षणभर खाली वाकून कोपरामागे पाहावे. केस झडलेले असतील, कातडी सुजलेली असेल, तर घोडेवाल्याला तंग दाखवून सांगावे, आणि त्या दिवशी पायीच फिरावे.