विनंती विशेष

दिवसभर कचेरीत दुसऱ्यांच्या सहीसाठी मसुदे तयार करणाऱ्या माणसास घरचे पत्र लिहिणे जड जाते, हे आमच्या दिल्लीवासी वाचकांस वेगळे सांगावयास नको. सरकारी टिपणीत लिहिणारा दिसू नये, हाच तिचा गुण. खासगी पत्रात तो दिसला नाही, तर पत्र लिहिले काय अन् न लिहिले काय!

दूरध्वनी खिशात असता हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. आमच्या तीर्थरूपांस अलीकडे ऐकू येत नाही. 'बरे आहे, बरे आहे' एवढे म्हणून ते यंत्र आईच्या हाती देतात. दृष्टी मात्र शाबूत आहे. तेव्हा त्यांच्याशी बोलावयाचे, तर कागदावाचून आम्हांस गत्यंतर नाही.

परंतु 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' लिहिताना लेखणी सुरळीत चालते आणि नेमकी 'विशेष' या शब्दापाशी अडते. स्फूर्तीसाठी आम्ही थोरांची पत्रे चाळली. साने गुरुजींनी पुतणी सुधा हिला लिहिलेली 'सुंदर पत्रे' वाचली. १९२८ च्या उन्हाळ्यात नेहरूंनी मसुरीस असलेल्या दहा वर्षांच्या इंदिरेस लिहिलेली पत्रेही वाचली. मन प्रसन्न झाले. पण ती थोरांनी धाकट्यांस लिहिलेली. सत्त्याहत्तर वर्षांच्या पित्यास पृथ्वीची उत्पत्ती कोणी समजावून सांगावी?

अखेर वाट दाखविली ती दिल्लीतल्याच एका जुन्या मराठी नोकरदाराने. नाशिकचे महादेवभट हिंगणे अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील म्हणून येथे राहिले. त्यांच्यामागे मुलांनी तेच काम चालविले. दरबारात कोणाचे पारडे जड, कोणाची फौज कोठे उतरली, हे सारे त्यांनी स्वदेशी कळवावयाचे. हिंगणे दप्तराची पाने उलटताना वाटले, ही माणसे स्फूर्तीची वाट पाहत बसली नाहीत. पलीकडच्या माणसास येथून काय दिसत नाही, एवढेच त्यांनी पाहिले.

श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याने योजिलेला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. ते आकडे पत्र कोठे जावयाचे ते सांगतात. कोणाकडे जावयाचे, हे लिहिणाऱ्यानेच ध्यानी धरावयाचे असते.

आमच्या वडिलांनी जन्मभर कांदा पिकविला, लासलगावच्या बाजारात विकला. पुढे तो कोठे जातो, हे त्यांनी कधी पाहिले नाही. एका पहाटे आम्ही आझादपूरच्या मंडईत गेलो. आपल्या मुलखाकडून आलेल्या मालमोटारी, गोणी उतरविणारे हमाल, कांदा हाती घेऊन दाबून पाहणारे व्यापारी, त्या दिवशीचा भाव, असे सारे चार पाने भरून लिहिले. त्या रात्री 'विशेष'पाशी लेखणी थांबली नाही.

आठवड्याने पोस्टकार्ड आले. अक्षर थरथरते; मजकूर तीन ओळींचा. प्रकृतीविषयी एक अक्षर नाही. शेवटची ओळ एवढीच : गोण्या खालून ओल्या होत्या का, ते पाहून कळविणे.